खोली आणि रस्ता : मुंबईच्या ओढीचे मराठी साहित्यातील स्वरूप

१

मुंबईविषयीच्या मराठी साहित्याची चर्चा करताना आपल्या समीक्षेने एक सूत्र जवळजवळ गृहीत धरले आहे. महानगर माणसाला यंत्रवत बनविते, त्याला आप्तांपासून व स्वतःपासून तोडते, आणि या तुटलेपणाची जाणीव हाच महानगरीय साहित्याचा प्राण होय, असे ते सूत्र आहे. मर्ढेकरांच्या कवितेपासून या सूत्राचा आरंभ मानण्यात येतो आणि पुढे कथा, कादंबरी व नाटक यांना ते क्रमाने लावले जाते. अभ्यासकही मग कलाकृतीत परात्मतेच्या खुणा शोधू लागतात. त्या सापडल्या की कलाकृती आधुनिक ठरते, आणि न सापडल्यास ती स्मरणरंजनात्मक अथवा विनोदी म्हणून बाजूस ठेवली जाते.

या सूत्रात काहीच तथ्य नाही असे प्रस्तुत लेखकास म्हणावयाचे नाही. तथापि एक साधा प्रश्न त्यामुळे अनुत्तरित राहतो. महानगर जर इतके दुःसह असेल, तर लोक तेथे राहतात का, आणि नुसते राहतातच असे नव्हे, तर त्यावर जीव का लावतात? पोटाकरिता राहतात, हे उत्तर अपुरे आहे. पोटाने माणूस येतो हे खरे, पण पोट भरल्यावरही तो परत जात नाही. निवृत्तीनंतर गावी जाण्याचा बेत वर्षानुवर्षे बोलून दाखविणारा आणि अखेरीस मुंबईतच देह ठेवणारा माणूस आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला आहे. त्याच्या या वागण्याला मोह किंवा भ्रम म्हणून मोकळे होणे सोपे आहे, परंतु साहित्याच्या अभ्यासकाने ते करू नये. कारण ज्या कलाकृतींत आपण केवळ विरक्ती वाचीत आलो, त्यांतच या ओढीचा गंभीर विचार झालेला आहे. तो कोणत्या स्वरूपाचा आहे आणि त्याच्या मर्यादा कोठे पडतात, हे पाहणे हा या लेखाचा हेतू होय.

२

ओढीचे सर्वांत जुने कारण म्हणजे वैभव. १८६३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘मुंबईचे वर्णन’ या ग्रंथात गोविंद नारायण माडगावकरांनी शहरातील वस्ती, व्यापार, धर्मस्थळे, जातीजमाती व नव्या सोयी यांची सविस्तर नोंद केली. ज्या काळात हे वर्णन लिहिले गेले तो लक्षात घेण्यासारखा आहे. बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी १८५३ साली सुरू झाली होती, पहिली कापड गिरणी १८५६ पासून चालू झाली होती आणि १८५७ साली विद्यापीठ स्थापन झाले होते. १८६४ च्या खानेसुमारीत शहराची वस्ती आठ लाखांच्या वर गेली. एका पिढीच्या डोळ्यांदेखत घडत चाललेल्या या नगरीकडे पाहताना ग्रंथकाराच्या ठिकाणी जे कौतुक आहे, ते बाहेरून आलेल्या पाहुण्याचे नसून या घडणीचा साक्षीदार असलेल्या नागरिकाचे आहे.

पुढे शाहीर पठ्ठे बापूरावांनी मुंबईवर लावणी रचली. त्या लावणीतील मुंबई ही ऐटीची, गर्दीची, थक्क करून सोडणारी नगरी आहे. खेड्यातील तमाशाच्या श्रोत्यापुढे शहर उभे करावयाचे, तर ते नवलाच्या रूपातच उभे करावे लागते, हे शाहिराने अचूक ओळखले होते. त्यानंतर अण्णा भाऊ साठे यांनीही मुंबईचीच लावणी लिहिली, मात्र तिचा रोख बदलला. मलबार हिलचे ऐश्वर्य आणि परळचे कष्ट यांना त्यांनी समोरासमोर आणले. एकाच विषयावरील, एकाच रचनाप्रकारातील या दोन रचना शेजारी ठेवून वाचल्या, की एक गोष्ट ध्यानात येते. वैभव हे आकर्षणाचे कारण असू शकते, प्रेमाचे नव्हे. ज्याच्या वाट्याला ते वैभव येत नाही, त्याला त्याचे नवल फार काळ पुरत नाही. पण अण्णा भाऊंच्या रचनेत वैभवाचा पडदा फाटल्यावरही शहराशी असलेला संबंध तुटत नाही, उलट तो अधिक निकटचा होतो. रागावण्याचा अधिकार ज्यावर सांगता येतो, ते परके राहिलेले नसते. म्हणून ओढीचे मूळ वैभवाच्या पलीकडे शोधावयास हवे.

३

हे मूळ शोधताना प्रथम मर्ढेकरांकडेच वळणे योग्य होईल, कारण महानगराविरुद्ध साक्ष देण्याकरिता आपली समीक्षा त्यांनाच उभे करते. पिपात मेलेल्या उंदरांची त्यांची कविता या साक्षीचा मुख्य पुरावा मानली जाते. पण याच कवीने मुंबई बंदरावरील माघातल्या पहाटेची कविता लिहिली, ही गोष्ट अभ्यासक्रमात शिकविली जात असूनही सिद्धान्त मांडताना विसरली जाते.

त्या कवितेची घडण पाहावी. प्रारंभी बंदरावर उजळणाऱ्या सकाळीला नुकत्याच न्हालेल्या गर्भवतीची उपमा दिली आहे. नंतर कावडी वाहणारे गवळी, धक्क्यावर अजून न जागलेल्या बोटी, धूर, चहा व डांबरी रस्ता यांचे वास अशी एकेक वस्तू येते. यांपैकी कोणतीही वस्तू परंपरेने काव्यविषय मानलेली नाही, आणि कवीने ती काव्यमय करण्याकरिता तिचे रूपही पालटलेले नाही. डांबर डांबरच राहते, तरी ते सुगंधाच्या भाषेत बोलले जाते. सजीव आणि निर्जीव यांच्यातील सीमारेषा या कवितेत भयाने नव्हे, तर मायेने पुसली आहे. आणि अखेरीस आरंभीच्या उपमेचा अर्थ उलगडतो. या शांततेच्या उदरात दिवसाची प्रचंड धांदल दडलेली आहे, ती आता जन्मास येणार आहे. कवी तिला शाप देत नाही. तिचे अर्घ्य सूर्याला मिळेल असे तो म्हणतो, आणि केवळ थोडा वेळ थांबण्याची विनंती करतो.

येथे दोन अनुमाने निघतात. पहिले असे, की ज्या धांदलीस आपण महानगराचा दोष समजतो, तिलाच या कवितेत जिवंतपणाचे नाव मिळाले आहे. दुसरे असे, की त्या धांदलीवर प्रेम करावयाचे तर तिच्यापासून क्षणभर दूर असण्याची सोय हवी. पहाटेचा हा घोटभर अवकाश नसता, तर ही कविता लिहिली गेली नसती. गर्दी आणि तिच्यापासून घटकाभर सुटका या दोहोंची एकत्र प्राप्ती हे शहराच्या ओढीचे पहिले रूप होय. मर्ढेकरांच्या दोन कवितांत विरोध आहे असे मानण्याचे कारण नाही. हा घोटभर अवकाश ज्याला लाभतो आणि ज्याला लाभत नाही, अशा दोन अवस्थांचे ते चित्रण आहे, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

४

पाश्चात्त्य समाजशास्त्रात या प्रश्नाचा विचार जर्मन विचारवंत गेओर्ग झिमेल याने १९०३ साली महानगर व मानसिक जीवन यांविषयीच्या निबंधात केला. महानगरातील माणूस असंख्य संवेदनांच्या माऱ्यापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी अलिप्त होतो, आणि ही अलिप्तताच त्याला लहान गावात न मिळणारे स्वातंत्र्य देते, असा त्याच्या प्रतिपादनाचा सारांश आहे. स्वातंत्र्य आणि एकाकीपण ही एकाच नाण्याची दोन अंगे होत, हे झिमेलने दाखविले. आपल्याकडील परात्मतेच्या चर्चेने यांतील एकच अंग उचलले आणि दुसरे सोडून दिले.

तथापि झिमेलचा महानगरवासी आणि मुंबईतील माणूस यांत एक महत्त्वाचा फरक आहे. मुंबईस आलेला माणूस बहुधा एकटा आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी शहरातील बहुसंख्य लोक शहराबाहेर जन्मलेले होते, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यातून आलेल्यांचा भरणा मोठा होता. हा माणूस गाववाल्याच्या ओळखीने आला, मुकादमाच्या ओळखीने गिरणीत लागला, खाणावळीत जेवला आणि गावकीच्या खोलीत वळकटी टाकून निजला. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांनीही गावागावांचे कूड याच रीतीने चालविले. गावाकडच्या बातम्या, भांडणे, वर्गण्या आणि जत्रा ही सर्व त्या खोलीत नांदत होती. म्हणजे माणूस शहरात आला, पण गावाला खोलीत घेऊन आला.

या खोलीचे व तिच्याभोवतीच्या चाळीचे वाङ्मयीन रूप पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) या पुस्तकात पूर्णत्वास पोचले. विनोदी म्हणून या पुस्तकाची गणना महानगरीय साहित्यात सहसा होत नाही, ही वर निर्दिष्ट केलेल्या सूत्राची एक परिणती आहे. वास्तविक मुंबईतील माणूस मुंबईवर प्रेम का करतो, याचे विवेचन यात जितके सूक्ष्म आहे तितके फार थोड्या ठिकाणी असेल. चाळकऱ्यांच्या गच्चीसाठीच्या चळवळीत संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणेचे विडंबन आहे. पण त्या विडंबनाखाली एक सत्य आहे. जागा इतकी अपुरी, की सार्वजनिक गच्ची हाच प्रत्येकाच्या स्वप्नाचा विषय होतो. नळ, जिना, गॅलरी, संडास हे सारे सामाईक असल्यामुळे येथे शेजार निवडता येत नाही, तो पत्करावा लागतो. आणि पत्करलेल्या शेजारातूनच अशी आत्मीयता निर्माण होते, की शेवटच्या चिंतनात चाळीच्या अस्तावर विनोदकार गंभीर होतो. येथे प्रेम अडचणी असूनही जडलेले नाही, ते अडचणींतून घडलेले आहे.

मात्र या प्रेमाचा एक आधार लेखकाने सांगितला नसला तरी अभ्यासकाने सांगावयास हवा. चाळकऱ्याला खोली होती. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीशी बांधली गेली, आणि एकदा भाडेकरू झालेल्या माणसाला सहसा हलविता येईनासे झाले. शेजारावर प्रेम करण्यास लागणारी निश्चिती त्याला या कायद्याने दिली. पण याच व्यवस्थेमुळे नव्याने जागा शोधणाऱ्याला पागडीशिवाय दार उघडेना. भाऊ पाध्ये यांच्या ‘वैतागवाडी’ या कादंबरीत या दाराबाहेरचा माणूस आहे. डोक्यावर छप्पर मिळविण्याच्या खटपटीत त्याची जी दमछाक होते, ती ‘बटाट्याची चाळ’च्या शेजारी ठेवून वाचली, म्हणजे शेजाराचा उमाळा हा काही अंशी खोलीच्या ताब्याचा उमाळा आहे हे मान्य करावे लागते.

५

खोलीने गाव दिले, तर रस्त्याने काय दिले? रस्त्याने माणसाला त्याच्या नावापासून घटकाभर सुटका दिली.

खेड्यात माणूस दिसण्यापूर्वीच ओळखला जातो. त्याचे आडनाव, त्याची आळी, त्याच्या बापाचे कर्ज आणि त्याची जात ही त्याच्या पुढे चालतात. ज्याला ही ओळख सन्मान देते, त्याला खेड्याची आठवण गोड वाटणे स्वाभाविक आहे. ज्याला ती अपमान देते, त्याची आठवण वेगळी असणार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत खेड्याच्या गौरवीकरणावर कठोर टीका केली आणि संविधानाने गावाऐवजी व्यक्ती हा घटक मानला याबद्दल समाधान व्यक्त केले. ग्रामजीवनाच्या ओढीचे जे साहित्य आपण निरपवाद मानवी भावनेचे साहित्य समजतो, ते वस्तुतः एका विशिष्ट स्थानावरून लिहिलेले आहे, हे या भाषणाने साहित्याच्या अभ्यासकालाही शिकविले पाहिजे. शहराची ओढ हा ज्यांना मोह वाटतो, त्यांच्यापैकी पुष्कळांना खेड्यात काय मिळत होते, हे तपासून पाहावे.

पण रस्त्याने दिलेली ही अनामता सर्वांना सारखी व कायमची मिळाली, असे मात्र दिसत नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनात याची साक्ष आहे. लहानपणीच्या मुंबईत लेखक कावाखान्यात राहतो. ती वस्ती म्हणजे जवळजवळ गावच्या महारवाड्याचीच शहरातील मांडणी आहे. म्हणजे ज्या खोलीने कोकणच्या गाववाल्याला आधार दिला, तीच खोली दलिताच्या बाबतीत गावातील सीमा पुन्हा आखते. तरीही कावाखाना आणि महारवाडा यांत एक फरक उरतो, आणि तो निर्णायक आहे. कावाखान्याच्या दाराबाहेर पाऊल टाकले, की शहराचा रस्ता लागतो. महारवाड्याच्या बाहेर पाऊल टाकले, की गाव लागते.

उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’ (२००३) या आत्मकथनात हाच प्रश्न स्त्रीच्या बाजूने येतो. कोकणातून मुंबईस आलेली ही स्त्री नोकरी करते, संसार सांभाळून एम. ए. पर्यंतचे शिक्षण पुरे करते, लिहू लागते आणि स्त्रियांच्या चळवळीत जाते. पुरुषाला शहराने जे आयते दिले, ते तिला वेळेच्या एकेका तुकड्यातून मिळवावे लागले. घर आणि कचेरी यांमधील प्रवास हा पुरुषाच्या लेखनात बहुधा कंटाळ्याचा विषय असतो. स्त्रीच्या जीवनात मात्र ती दिवसातली एकमेव अशी घटका असू शकते, की जेव्हा तिच्याकडून कोणी काही मागत नाही. महानगरीय साहित्यातील ‘गर्दीतील एकटेपणा’ हे पद आपण नेहमी दुःखवाचक म्हणून वापरतो. ते कोणाच्या बाबतीत सुखवाचकही असू शकेल, ही शंका आपल्या समीक्षेला फारशी आलेली नाही.

खोली आणि रस्ता यांच्या मधोमध आणखी एक जागा आहे, ती म्हणजे नाका. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ (१९६५) ही कृती अश्लीलतेच्या वादातच अधिक गाजली, आणि त्या गदारोळात तिची जागा कोणती आहे याकडे दुर्लक्ष झाले. नाक्यावरील पोरांना खोलीत जागा नाही, कारण खोली भरलेली आहे. रस्त्याने कोठे जावे, असे ठिकाण त्यांना नाही, कारण काम नाही. म्हणून ती उंबरठ्यावर उभी आहेत. त्यांची भाषा ही ना घरची ना कचेरीची, ती नाक्याचीच आहे. आपल्याला अन्यत्र कोठेही न मिळालेली जागा त्यांनी या भाषेत मिळविली आहे. त्या भाषेचा बीभत्सपणा नाकारता येत नाही, त्यांच्याकडून मुलींची होणारी विटंबनाही नाकारता येत नाही, आणि एकाची मोकळीक ही दुसऱ्याची दहशत होऊ शकते हे येथे स्पष्टच दिसते. पण नाक्यावरून त्यांना हलवा, म्हणजे त्यांच्याजवळ शहर म्हणून काहीच उरत नाही, हेही तितकेच खरे.

६

खोली निश्चिती देते आणि रस्ता अनामता देतो, या दोन्ही गोष्टी शहराने माणसाला दिलेल्या आहेत. पण मराठी साहित्यात ओढीचे एक तिसरे रूप आहे, आणि ते या उलट दिशेने जाते. माणसाने शहराला काय दिले, यावर ते उभे आहे.

नारायण सुर्वे यांचे जीवन सर्वपरिचित आहे. टाकून दिलेले मूल म्हणून ते गिरणी कामगार गंगाराम सुर्वे यांना मिळाले आणि कामगारवस्तीत वाढले. ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) या पहिल्या संग्रहानंतर १९६६ साली ‘माझे विद्यापीठ’ हा त्यांचा संग्रह आला. या शीर्षकाकडे विद्यापीठीय अभ्यासकाने जरा थांबून पाहिले पाहिजे. ज्याला घर नाही, गोत नाही, त्याने रस्त्याला विद्यापीठ म्हटले आहे. यात उपरोध असावा असे प्रथमदर्शनी वाटते, पण कविता वाचल्यावर तो उपरोध नाही हे कळते. शहराने या माणसाला शिकविले आहे आणि ते शिक्षण तो कृतज्ञतेने सांगतो. मात्र ही कृतज्ञता आश्रिताची नाही. ज्या कामगारांच्या हातांनी हे शहर उभे राहिले, त्यांपैकी आपण एक आहोत, या जाणिवेने तिला ताठ मान दिली आहे.

अण्णा भाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत हीच जाणीव विरहाच्या वाटेने येते. स्वतः अण्णा भाऊ लहानपणी वाटेगावाहून वडिलांबरोबर पायी चालत मुंबईस आले होते. या रचनेत गावी राहिलेल्या पत्नीच्या आठवणीने व्याकूळ झालेला पुरुष बोलतो. रचनेच्या पूर्वार्धात मुंबई ही विरहाचे कारण आहे. उत्तरार्धात संयुक्त महाराष्ट्राचा लढा येतो, आणि मग मैनेपासूनचे तुटणे हे महाराष्ट्राच्या सीमाभागाच्या तुटण्याचे प्रतीक होते. जो माणूस मुंबईत परका म्हणून रडत होता, तोच मुंबईसाठी लढणाऱ्यांत उभा आहे. परकेपणापासून हक्कापर्यंतचा हा प्रवास एका रचनेच्या आत घडतो. १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र अस्तित्वात आला, त्यामागे जी लोकभावना होती ती केवळ प्रादेशिक अभिमानाची नव्हती. आपल्या श्रमाने उभे केलेले आपल्याकडून काढून घेतले जाऊ नये, ही श्रमिकाची भावना तिच्यात मिसळलेली होती.

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’त (१९७२) हा हक्क अधिक खोल जातो. विजय तेंडुलकरांनी या संग्रहाला प्रस्तावना लिहिली आणि आपल्याला अपरिचित असलेल्या शब्दांची यादीच तीत दिली. एका नामवंत मुंबईकर लेखकाला मुंबईच्याच एका भागाची भाषा विचारून घ्यावी लागली, ही घटना वाङ्मयेतिहासात नोंदण्यासारखी आहे. पुढे ढसाळांनी मुंबईला उद्देशून जी प्रसिद्ध कविता लिहिली, तीत शिवी आणि लाड एकाच दमात येतात. हे केवळ धक्कातंत्र समजणे चूक होईल. सभ्य भाषेत शहराशी प्रेमाने बोलण्याचा अधिकार ज्याला नाकारण्यात आला, त्याने स्वतःच्या भाषेत तो अधिकार घेतला, असा त्याचा अर्थ लावावा लागेल.

७

येथवरच्या विवेचनावर दोन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप असा, की ही ओढ म्हणजे सवयीचे दुसरे नाव असेल. माणूस कोठेही दीर्घकाळ राहिला की तेथे रमतो, त्यात महानगराचे विशेष ते काय? यास उत्तर असे, की सवयीने शेजार आवडू लागेल, पण शेजार आणि अनामता यांची जोड कोणत्याही सवयीने निर्माण होत नाही. खेड्यात पहिली आहे, दुसरी नाही. परदेशी महानगरात गेलेल्या एकट्या माणसाला दुसरी आहे, पहिली नाही. मुंबईच्या चाळकऱ्याला एका जिन्याचे अंतर उतरून एका अवस्थेतून दुसरीत जाता येत होते, आणि संध्याकाळी परत येता येत होते. प्रस्तुत लेखकाच्या मते ही ये-जा हेच मुंबईच्या ओढीचे मर्म होय. ज्याची ही ये-जा सुकर, त्याची ओढ निर्वेध, आणि ज्याची दुष्कर, त्याच्या ओढीत राग मिसळलेला, असा नियम वर पाहिलेल्या कलाकृतींवरून सांगता येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. अशा रीतीने ओढीचे समर्थन करणे म्हणजे हाल सोसणाऱ्यांच्या सोसण्याला शोभा आणणे नव्हे काय? या आक्षेपाचे उत्तर जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातून मिळते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. त्या संपानंतर गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्या नाहीत. नाटकातील कुटुंब गिरणगावातील त्याच खोलीत आहे, पण खोलीला अर्थ देणारे काम संपलेले आहे. शेजार आहे, परंतु तो आता आधार देण्याइतका स्वतःच उभा नाही. रस्ता आहे, परंतु तो कोठे नेईल याची खात्री नाही. शहराला आपण घडविले, ही तिसरी जाणीवच येथे सर्वांत जास्त जखमी झालेली दिसते, कारण घडविणाऱ्याची आता गरज उरलेली नाही. तरीही ही माणसे निघून जात नाहीत. जाण्याला दुसरे ठिकाण नाही, हे त्याचे एक कारण आहे. पण दुसरे कारण असे, की निघून जाणे म्हणजे आपला हक्क कधी नव्हताच असे कबूल करणे होय. ओढीचा अभ्यास म्हणजे हालांचे समर्थन नव्हे. उलट काय हिरावले गेले याचे मोजमाप ओढ समजल्यावाचून करता येत नाही. जो गमावण्यासारखे काही होते असे मानीतच नाही, त्याला ‘अधांतर’ची शोकात्मता समजणार नाही.

हा प्रश्न केवळ वाङ्मयेतिहासाचा राहिलेला नाही. १९२० च्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे कामगारांसाठी ज्या २०७ बी. डी. डी. चाळी बांधल्या, त्यांतील खोली १६० चौरस फुटांची होती. त्या चाळींचा पुनर्विकास आता चालू आहे, आणि २०२५ साली वरळीच्या काही रहिवाशांना उंच इमारतींत ५०० चौरस फुटांची घरे मिळाली. या बदलाबद्दल कोणी हळहळ व्यक्त करील, तर ज्यांनी तीन पिढ्या सामाईक संडासाच्या रांगेत काढल्या त्यांच्यापुढे ती अप्रस्तुत ठरेल. स्वतंत्र घर ही साधी, न्याय्य आणि फार उशिरा पुरी झालेली गरज आहे. परंतु चाळीचे साहित्य वाचलेल्या माणसाने एवढे विचारावयास हरकत नाही, की बंद दारांच्या त्या उंच इमारतीत जिन्याचे ते लहानसे अंतर कोठे असेल. मनुष्याला मोठी खोली हवीच. पण खोली आणि रस्ता यांच्या मधली गॅलरी, नाका, गच्ची ही जागाही हवी, हे आपल्या लेखकांनी कोणत्याही नगररचनाकाराच्या आधी लिहून ठेवले आहे.

अभ्यासाच्या दृष्टीने यातून काही कामे निघतात. ‘बटाट्याची चाळ’ आणि ‘वासूनाका’ ही पुस्तके एकाच अभ्यासपत्रिकेत शेजारी ठेवून शिकविली पाहिजेत. मुंबईच्या लावण्या व छक्कडी यांना लोकसाहित्याच्या कप्प्यातून बाहेर काढून महानगरीय कवितेच्या इतिहासात त्यांचे स्थान दिले पाहिजे. दलित व स्त्रियांच्या आत्मकथनांत शहर कोणत्या क्षणी दुःखाचे आणि कोणत्या क्षणी सुटकेचे ठिकाण होते, याची तपशीलवार पाहणी व्हावयास हवी. आणि सर्वांत आधी, परात्मतेचे सूत्र लावण्यापूर्वी कलाकृतीतील माणसाला विचारले पाहिजे, की हे शहर उद्या सोडून जा असे म्हटले तर तू जाशील काय? मराठी साहित्यातील मुंबईकर या प्रश्नाला सहसा होकार देत नाही. त्याच्या नकाराची कारणे समजून घेतल्याशिवाय त्याचे दुःखही आपणांस पुरतेपणी कळावयाचे नाही.